प्रभूचा वार पाळणारा घड्याळजी : संत लुई मार्टिन

ज्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ही स्मरणिका आपल्या हाती येत आहे, त्या महोत्सवाचे मूळ विसाव्याच्या आज्ञेत आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसेल. जुन्या करारातील लेवीय ग्रंथात परमेश्वराने आपल्या प्रजेस सातवा दिवस विसाव्याचा नेमून दिला, सातवे वर्ष भूमीच्या विसाव्याचे ठरविले, आणि अशी सात वर्षांची सात आवर्तने पुरी झाल्यावर येणारे पन्नासावे वर्ष महोत्सवाचे म्हणून पवित्र केले. तेव्हा आठवड्यातील एक दिवस ज्या घरात पाळला जात नाही, त्या घरास पन्नासाव्या वर्षाच्या आनंदाचा अर्थ नीटसा उमगावयाचा नाही. म्हणून ह्या मंगलप्रसंगी, तो एक दिवस आपल्या धंद्यात व आपल्या संसारात निष्ठेने पाळणाऱ्या एका गृहस्थाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे योजिले आहे. हे गृहस्थ धर्मगुरू नव्हते की मठवासी नव्हते. ते दुकानदार होते, पती होते, नऊ लेकरांचे पिता होते. बाळ येशूच्या संत तेरेजेचे वडील म्हणून सारे जग त्यांस ओळखते. त्यांचे नाव लुई मार्टिन.

लुई ह्यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्स देशातील बोर्दो शहरी झाला. वडील लष्करात कप्तान होते. सेवानिवृत्तीनंतर ते नॉर्मंडी प्रांतातील आलांसों गावी स्थायिक झाले. मुलाने मात्र तलवार हाती धरिली नाही. रेन, स्ट्रासबुर्ग व पुढे पॅरिस येथे राहून त्याने घड्याळे दुरुस्त करण्याची नाजूक विद्या संपादन केली. तरुणपणी ह्या कारागिराचे मन एकांतवासाकडे ओढ घेत होते. १८४५ साली, आल्प्स पर्वताच्या बर्फात वसलेल्या ग्रेट सेंट बर्नार्ड मठात प्रवेश मिळावा म्हणून त्याने विनंती केली. लॅटिन भाषा शिकून ये, असे तेथील वरिष्ठांनी त्यास सांगितले. त्याने अभ्यास आरंभिलाही. परंतु प्रकृतीने साथ दिली नाही आणि मठाचा विचार सोडणे त्यास भाग पडले. १८५० साली आलांसों येथील पों नफ रस्त्यावर त्याने आपले दुकान थाटले. प्रथम घड्याळे व कालांतराने जडजवाहीर, असा तो व्यवसाय होता. मठाची घंटा जी शिस्त लावणार होती, ती आता दुकानातल्या घड्याळांच्या टिकटिकीत लावून घ्यावयाची होती.

त्या काळच्या फ्रान्समध्ये रविवार पाळणे ही सोपी गोष्ट नव्हती. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९३ साली, तेथील सत्ताधीशांनी सात दिवसांचा आठवडाच मोडून दहा दिवसांचा प्रचारात आणिला होता. हेतू उघड होता : लोकांस प्रभूचा वार विसरावयास लावणे. ती कालगणना १८०६ च्या आरंभी रद्द झाली, आणि १८१४ साली रविवारी धंदा व काम बंद ठेवण्याविषयी कायदाही झाला. परंतु पुढे तो कायदा कोणी मनावर घेईनासे झाले, व १८८० साली तो अधिकृतरीत्या काढूनही टाकण्यात आला. म्हणजे लुई ह्यांनी दुकान उघडले तेव्हा त्यांस सरकारचे भय नव्हते की शेजाऱ्यांचा बोल लागणार नव्हता. उलट, आलांसों येथील इतर जवाहिऱ्यांची दुकाने रविवारी उघडी असत. आसपासच्या खेड्यांतील लोक त्याच दिवशी शहरात येत. लग्न ठरलेल्या घरचे लोक अंगठ्या व दागिने त्याच दिवशी पाहत. जवाहिऱ्याच्या धंद्यात रविवार हा आठवड्यातील सर्वांत बरकतीचा दिवस होता. आणि नेमक्या त्याच दिवशी लुई मार्टिन ह्यांच्या दुकानाच्या फळ्या लागलेल्या असत.

मित्रांस ह्याची हळहळ वाटे. त्यांनी एक तोड सुचविली : समोरचे दुकान बंद राहू द्यावे, परंतु बाजूचे दार उघडे ठेवावे, म्हणजे आलेले गिऱ्हाईक परत जाणार नाही. त्यांच्या पापनिवेदनाच्या धर्मगुरूंनीही इतकी मोकळीक घेण्यास हरकत नाही असे त्यांस सांगितले. लुई ह्यांनी ते मानिले नाही. येथे वाचकाने क्षणभर थांबून विचार करावा. धर्मगुरूंची अनुमती होती, कोणी नावे ठेवणार नव्हते, आणि मिळकत घरात येणार होती. तरीही हा मनुष्य नाही म्हणाला. त्याच्या मते समोरच्या फळ्या लोकांना दिसतात आणि बाजूचे दार परमेश्वराला दिसते. जो दिवस आपण प्रभूला दिला असे म्हणतो, त्यातील चोरवाटेने थोडासा परत काढून घेणे ही त्यास देणगी वाटली नाही. जी विक्री जाईल ती जावो, असा त्याचा निश्चय होता. आणि हा निश्चय त्याने वर्षानुवर्षे पाळला. इतकेच नव्हे, तर रविवारी स्वतः खरेदी करण्याचेही ते टाळीत. कारण आपण विकत घेतो तेव्हा दुसऱ्याला दुकानात उभे राहावे लागते.

१३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री, आलांसों येथील पवित्र मरियेच्या ख्रिस्तमंदिरात, लुई ह्यांचा विवाह झेली गेरँ ह्या तरुणीशी झाला. झेलीबाईंचा जन्म १८३१ सालचा. त्यांनाही संत विन्सेंट द पॉल ह्यांच्या भगिनींच्या संघात जावयाचे होते, परंतु तेथे त्यांना घेतले गेले नाही. आलांसोंची सुईने विणलेली लेस त्या काळी युरोपभर नावाजलेली होती. झेलीबाई तिच्या निष्णात कारागीर होत्या, आणि स्वतःचा धंदा त्यांनी विवाहापूर्वीच उभा केला होता. लेसचे तुकडे घरोघरी विणून घ्यावयाचे आणि ते बारीक सुईने असे जोडावयाचे की सांधा दिसू नये, हे त्यांचे काम. त्यापायी आठवड्यातील कित्येक रात्री त्या उशिरापर्यंत दिव्यापाशी बसत. अशा कष्टाळू स्त्रीला आठवड्यातील एक दिवस सुई खाली ठेवणे किती जड गेले असेल आणि किती गोड वाटले असेल, हे आपल्या घरच्या माउल्यांना सांगावयास नको. पतीच्या ह्या निष्ठेचे त्यांना मोठे कौतुक होते. आपल्या घराला आलेली सुस्थिती ही रविवार पाळल्याचेच फळ होय, असे त्यांनी आपल्या आप्तांस पत्रातून कळविले होते.

पण रविवारची ही निष्ठा म्हणजे परमेश्वराशी केलेला सौदा होता, असे कोणी समजू नये. त्या घरावर दुःखे कोसळली ती इतर कोणत्याही घरापेक्षा कमी नव्हती. नऊ लेकरांपैकी चार बाळपणीच देवाघरी गेली. त्यांतील हेलेन पाच वर्षांची झाली होती. १८७० साली लुई ह्यांनी आपले दुकान भाच्याच्या स्वाधीन केले आणि पत्नीच्या लेसच्या व्यवसायात ते हात देऊ लागले. त्याच सुमारास प्रशियाशी युद्ध जुंपले, आणि १८७१ च्या आरंभी शत्रूचे सैनिक आलांसोंमध्ये येऊन त्यांच्या घरातही उतरले. पुढे झेलीबाईंस स्तनाच्या कर्करोगाने गाठले, आणि २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, पाच मुली मागे ठेवून त्या प्रभूकडे गेल्या. धाकटी तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. रविवार पाळल्याने ह्या कुटुंबाचे मरण टळले नाही की दुखणे टळले नाही. परंतु मरण आले तेव्हा एकत्र गुडघे टेकण्याची सवय त्या घरात मुरलेली होती.

त्याच वर्षी लुई मुलींना घेऊन लिझ्यू शहरी, त्यांच्या मामाच्या शेजारास, राहावयास गेले. तेथील रविवार कसा असे, ते खुद्द तेरेजेने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे. त्या दिवशी धाकटीला थोडे उशिरा उठण्याची मुभा असे, आणि पोलिना ताई तिच्यासाठी चॉकलेटचा पेला बिछान्यापाशी आणून देई. मग नवे कपडे, आणि वडिलांचा हात धरून संत पेत्राच्या महामंदिरात मिस्सा. प्रवचन चालू असता ती प्रवचनकारांकडे पाही त्याहून अधिक वडिलांच्या मुखाकडे पाही. श्रद्धा म्हणजे काय, ते ती त्या मुखावर वाची. दुपारी सायंप्रार्थना, नंतर फिरणे, संध्याकाळी मामाकडे जाणे. घरी परतताना आकाशातील ताऱ्यांत आपल्या नावाचे आद्याक्षर शोधून ती वडिलांस दाखवी. दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेच्या वेळी मात्र तिचे मन खिन्न होई. उद्या पुन्हा धडे आणि काम सुरू होणार, हे तिला आठवे, आणि जो रविवार कधी मावळत नाही अशा स्वर्गीय विसाव्याची ओढ तिला लागे. पुढे जी ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरविली गेली, तिला स्वर्गाची पहिली कल्पना धर्मशिक्षणाच्या पुस्तकाहून आधी घरच्या रविवारने दिली.

२९ मे १८८७ हा पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण, म्हणजे रविवारच होता. सायंप्रार्थनेहून परतल्यावर, घरच्या बागेत, १४ वर्षांच्या तेरेजेने कार्मेल मठात जाण्याची परवानगी वडिलांजवळ मागितली. दोन थोरल्या मुली अगोदरच त्या मठात गेल्या होत्या, आणि त्याच महिन्याच्या आरंभी त्यांना स्वतःला पक्षाघाताचा पहिला झटका आला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, परंतु त्यांनी अनुमती दिली. आणि भिंतीच्या कडेचे एक लहानसे पांढरे फूल मुळासकट उपटून लेकीच्या हाती ठेविले. ९ एप्रिल १८८८ रोजी तेरेजा मठात गेली. आठवड्यातील उत्तम दिवस देण्याचा ज्यास सराव झाला, त्याने घरातील उत्तम रत्नेही अशीच दिली. कालांतराने पाचही मुली मठवासिनी झाल्या.

शेवटची परीक्षा सर्वांत कठीण होती. मेंदूच्या विकाराने लुई ह्यांची स्मृती व बुद्धी ढासळू लागली. १२ फेब्रुवारी १८८९ रोजी त्यांस काँ शहरातील मनोरुग्णांच्या रुग्णालयात ठेवावे लागले, आणि तेथे त्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ काढला. हुकूम करण्याची सवय असलेल्या गृहस्थास तेथे दुसऱ्याचे ऐकावे लागे. भान असे तेव्हा ही नम्रता आपल्याला शिकावयाची होती, असे मानून ते ती स्वीकारीत. १८९२ च्या मे महिन्यात, पाय लुळे पडलेल्या स्थितीत, त्यांस घरी आणिले. मठातील मुलींची अखेरची भेट झाली तेव्हा त्यांनी आकाशाकडे बोट करून तेथेच आपण भेटू असे सुचविले. ज्या हातांनी इतकी वर्षे रविवारी आपण होऊन काम खाली ठेविले, त्यांच्याकडून आता प्रभूने सारेच काम काढून घेतले होते. २९ जुलै १८९४ रोजी ल म्यूस येथे त्यांनी शांतपणे प्राण सोडला. तो दिवस रविवार होता.

परमगुरू १६ वे बेनेडिक्ट ह्यांच्या काळात, १९ ऑक्टोबर २००८ रोजी, लिझ्यू येथे ह्या दांपत्यास धन्यवादित घोषित करण्यात आले. आणि १८ ऑक्टोबर २०१५ रोजी परमगुरू फ्रान्सिस ह्यांनी रोम येथे त्यांस एकत्र संतपद दिले. तेरेजेसारख्या लेकरांचे माता-पिता असलेले पती-पत्नी एकाच वेळी संत ठरले, असे प्रथमच घडले. त्यांचा सण १२ जुलै रोजी येतो.

लुई रुग्णालयात होते त्याच काळात आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या विसाव्यासाठी झगडत होते, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढल्याच वर्षी परमगुरू १३ वे लिओ ह्यांनी श्रमिकांविषयीच्या आपल्या परिपत्रात ह्या विसाव्याचा हक्क जगापुढे मांडिला. तेव्हा जी सुट्टी आपल्याला आयती मिळते, तिच्यामागे कोणाचा तरी त्याग आहे. आजाऱ्याची शुश्रूषा, गुरांचे दाणापाणी, रेल्वेची वा इस्पितळाची पाळी ह्यांना ख्रिस्तसभेने कधीच दोष दिलेला नाही. ज्यास रविवारी कामावर जाणे भाग आहे, त्याने दुसरी वेळ शोधून प्रभूला व घराला द्यावी. प्रश्न आहे तो बाजूच्या दाराचा. आज दुकानाच्या फळ्या लावल्या तरी खिशातील मोबाइल उघडाच असतो. मिस्सा झाली की हिशेब, मागण्या व निरोप सुरू होतात, आणि जेवणाच्या पानावर बसलेली मुले बापाच्या मुखाकडे पाहतात तेव्हा त्यांना तेथे काहीच वाचावयास मिळत नाही. ते दार आठवड्यातून एक दिवस लावून घ्यावे. शनिवारी संध्याकाळी कामे उरकावी, म्हणजे घरच्या बाईलाही रविवार मिळेल. सर्वांनी मिळून मिस्सेस जावे, मिळून जेवावे, एखाद्या आजारी शेजाऱ्यास भेटावे, आणि रात्री जपमाळ म्हणून दिवसाची सांगता करावी. ह्याने विक्री काही कमी होईल. ती किती कमी झाली, हे लुई मार्टिन ह्यांनी मोजीत बसल्याचे कोठे आढळत नाही.

संत लुई व संत झेली आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरासाठी प्रभूजवळ विनवणी करोत, आणि ह्या महोत्सवी वर्षापासून आपल्या घराघरांत प्रभूचा वार पुन्हा प्रभूचा होवो.