नगरांची नाडी जाणणारा वैद्य: पॅट्रिक गेडिस

नगररचनाशास्त्राच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या पॅट्रिक गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये झाला. ते मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. तरुणपणी मेक्सिकोत काही काळ दृष्टी गेल्याने सूक्ष्मदर्शक दुरावला आणि त्यांचे लक्ष मनुष्यवस्तीकडे वळले. एडिंबरोच्या जीर्ण वस्तीत सपत्नीक राहून त्यांनी ती न पाडता सुधारून दाखविली.

१९१४ साली ते हिंदुस्थानात आले. मात्र त्यांचे नगरप्रदर्शन आणणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडविले. त्यांनी नवे प्रदर्शन उभारले. १९१७ साली पुत्र युद्धात कामी आला, पत्नी अ‍ॅना येथेच तापाने निवर्तल्या. तरीही गेडिस यांचे कार्य खंडित झाले नाही. नागपूर, जबलपूर या मध्य प्रांतातील नगरांवर त्यांनी अहवाल लिहिले. होळकरांच्या इंदुरात प्लेगचे भय असता, जे रस्ते रहिवाशांनी सर्वाधिक स्वच्छ केले त्यांवरूनच दिवाळीची मिरवणूक नेण्याचे त्यांनी जाहीर केले. बघता बघता अवघे शहर झाडूनपुसून निघाले. १९१८ साली त्यांचा इंदूरविषयक द्विखंडी अहवाल प्रसिद्ध झाला.

नगर हे त्याच्या खोऱ्याचे अपत्य होय, हा त्यांचा सिद्धान्त. डोंगरमाथ्यावरील खाणकामगारापासून सागरतीरीच्या मच्छीमारापर्यंत प्रत्येक व्यवसाय भूमीच्या उतारातून जन्मतो, असे ते मानीत. त्याच प्रांतातील बालाघाट जिल्हा या दृष्टीने न्याहाळावा: मँगनीजच्या खाणी, सातपुड्याचे अरण्य, खाली वैनगंगेकाठची भातशेती. येथील नगराचा आराखडा केवळ रस्त्यांच्या रेषांनी आखता येणार नाही.

१९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यासाठी त्यांनीच निवडले. पुढे ती विभागधुरा घुर्ये यांनीच वाहिली. १७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे गेडिस यांचे निधन झाले.

खाण, अरण्य, खाजन आणि सागर ही साखळी गोमंतकाचीही आहे. २००७ साली लोकक्षोभापुढे सरकारला प्रादेशिक आराखडा मागे घ्यावा लागला, तो गोमंतक विसरलेला नाही. आधी भूमीची व रहिवाशांची नाडीपरीक्षा, मगच शस्त्रक्रिया, आणि तीही शक्य तितकी अल्प, हा गेडिस यांचा दंडक नियोजनकर्त्यांनी शिरोधार्य मानला, तर पुढील आराखड्यासाठी जनतेला रस्त्यावर उतरावे लागणार नाही.