वाचकांच्या शंकांना उत्तरं दिली म्हणून खटला झाला, वकील होते डॉ. आंबेडकर

१९३४ सालची गोष्ट. मुंबईच्या कोर्टात एका मराठी मासिकाच्या संपादकावर खटला उभा राहिला होता. गुन्हा काय? वाचकांनी पत्रातून लैंगिक शंका विचारल्या आणि संपादकाने त्यांची सरळ उत्तरं छापली.

संपादक होते रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांची बाजू मांडायला उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

र. धों. कर्वे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरूडचे. जन्म १४ जानेवारी १८८२. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. र. धों. नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. १८९३ साली वडिलांनी एका विधवेशी लग्न केलं, तेव्हा गावाने कुटुंबाला वाळीत टाकलं. समाजाचा रोष काय असतो, हे या मुलाने घरातच पाहिलं होतं.

पोरगा हुशार. १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला. पुढे गणित शिकले, पॅरिसला जाऊन आले, मुंबईच्या विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाले. चांगली नोकरी होती, मान होता.

पण १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी असंच केंद्र सुरू केलं होतं. म्हणजे आपला कोकणातला माणूस जगाच्या एक पाऊलही मागे नव्हता.

आता अडचण बघा. मूल नको असेल तर शुक्राणू आणि बीज यांची भेट होऊ द्यायची नाही, एवढंच करायचं असतं. पण हे समजावायचं तर शुक्राणू म्हणजे काय, तो कुठे तयार होतो, हे सांगावंच लागतं.

खरं तर यात लाजण्यासारखं काही नाही. वृषणात शुक्राणू तयार होतात आणि शुक्रवाहिनी नावाच्या नळीतून पुढे जातात. मधमाशी, मुंगी, गांधीलमाशी यांच्या नरांतही वृषण आणि शुक्रवाहिनी असतात. माणसाचा शुक्राणू साधारण ०.०५ मिलिमीटर लांब असतो. डोक्यात आनुवंशिक माल, मानेपाशी ऊर्जा पुरवणारा भाग आणि मागे वळवळणारी शेपटी. गांधीलमाशीचा शुक्राणू बारीक दोऱ्यासारखा असतो आणि त्याचे ऊर्जा पुरवणारे भाग शेपटीच्या बाजूने लांबवर पसरलेले असतात.

माशीबद्दल हे लिहिलं तर ते जीवशास्त्र. माणसाबद्दल मराठीत लिहिलं की ते अश्लील! र. धों.चं भांडण नेमकं इथेच होतं.

याची किंमत त्यांनी मोजली. १९२५ साली कॉलेजची नोकरी गेली. तरी १९२७ च्या जुलैमध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि मरेपर्यंत चालवलं. पैशांची कायम ओढाताण असायची. पत्नी मालतीबाई ठामपणे सोबत राहिल्या. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. जे लोकांना सांगितलं, ते आधी स्वतःच्या घरात केलं.

१९३१ साली पहिला खटला झाला, १९३४ साली दुसरा. लैंगिक प्रश्नांवरचं मासिक असेल तर त्यात लैंगिक प्रश्नांची उत्तरं येणारच, असा आंबेडकरांचा मुद्दा होता. कोर्टाला तो पटला नाही. र. धों.ना २०० रुपये दंड झाला. ते मासिक काढतच राहिले.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. असं करणारा भारत जगातला पहिला देश मानला जातो. केंद्र काढून र. धों.ना तेव्हा ३१ वर्षं झाली होती. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी ते गेले.

आजही मूल होत नसेल तर अनेक घरांत आधी सुनेच्या तपासण्या सुरू होतात. कारण नवऱ्यातही असू शकतं आणि शुक्राणूंची तपासणी त्या मानाने साधी असते. तरी तिचं नाव काढायला घरात कुणी धजावत नाही. र. धों.चा लढा याच गप्प बसण्याविरुद्ध होता.