राजा कालाकाउआ : हवाईच्या इतिहासातलं एक 'जर-तर'

कल्पनाप्रधान निबंध म्हटला की मुलं 'सूर्य उगवला नाही तर', 'परीक्षा नसत्या तर' यातच अडकतात. इतिहासातलं एक खरंखुरं जर-तर द्यायचं असेल, तर हवाई बेटांचा राजा कालाकाउआ याचं चरित्र वर्गात जरूर सांगा.

पॅसिफिक महासागरातली ही बेटं तेव्हा एक स्वतंत्र राज्य होती. कालाकाउआचा जन्म 16 नोव्हेंबर 1836 रोजी होनोलुलूत झाला. 1874 मध्ये विधिमंडळाने 39 विरुद्ध 6 मतांनी त्याला गादीवर बसवलं. (राजा, आणि तोही मतदानाने! मुलांना याचं फार नवल वाटतं.) पुढच्याच वर्षी त्याच्या सरकारने अमेरिकेशी करार केला. हवाईची साखर तिथे बिनजकातीची जाऊ लागली. पैसा आला, पण उसाच्या मळ्यांचे गोरे मालक डोईजड झाले.

लहान राज्याला मोठा मित्र लागतो, हे राजा ओळखून होता. 1881 मध्ये तो जगप्रवासाला निघाला. राज्यावर असताना पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिलाच राजा. वाटेत तो आपल्या कोलकात्याला आणि मुंबईलाही येऊन गेला. पण खरी गोष्ट घडली ती त्याआधी, जपानमध्ये. सोबतच्या मंडळींना पत्ता न लागू देता तो सम्राट मेइजींना भेटला. आशियातल्या राष्ट्रांनी संघ करावा आणि आपली पाच वर्षांची भाची काइउलानी हिचं लग्न एका जपानी राजपुत्राशी ठरवावं, असं त्याने सुचवलं. जपानने पुढे नम्रपणे नकार कळवला.

होकार आला असता तर?

1887 मध्ये मळेवाल्यांच्या गटाने बंदुकांच्या धाकावर राजाकडून नव्या राज्यघटनेवर सही करून घेतली. जपान सोयरा असता, तर त्यांची एवढी हिंमत झाली असती का? मला तरी वाटतं, नसती झाली. पण याच जपानने 1910 मध्ये कोरिया गिळला, हेही मुलांना सांगायला हवं. शिवाय साखरेचं गिऱ्हाईक अमेरिकाच होती. ती सवलत टिकवायला 1887 मध्येच पर्ल हार्बर वापरण्याचा हक्क अमेरिकेला द्यावा लागला.

20 जानेवारी 1891 रोजी राजा सॅन फ्रान्सिस्कोत वारला. बहीण लिलिउओकलानी राणी झाली. दोनच वर्षांत, अमेरिकन नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, तिला पदच्युत केलं गेलं. 1898 मध्ये बेटं अमेरिकेत सामील झाली. पुढच्या वर्षी काइउलानी गेली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, अविवाहित.