लुईस ली फर्मोर

सर लुईस ली फर्मोर (१८ सप्टेंबर, १८८० – २४ मे, १९५४) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक व रसायनज्ञ होते. त्यांच्या कार्यकालाचा बहुतांश भाग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत गेला. १९३२ ते १९३५ या काळात ते या संस्थेचे संचालक होते. भारतातील मँगॅनीज धातुकांचा पहिला सर्वंकष अभ्यास त्यांनी केला. गार्नेट या खनिजाच्या रासायनिक घटनेवरून त्याचा मूळ खडक व तो खडक तयार होतानाची परिस्थिती ओळखण्याची पद्धत विकसित करणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

फर्मोर यांचा जन्म लंडन येथे झाला. रॉयल स्कूल ऑफ माइन्समध्ये शिक्षण घेऊन १९०२ मध्ये ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत दाखल झाले. विजयनगरम परिसरात १८९२ च्या सुमारास सुरू झालेले मँगॅनीजचे खाणकाम तोवर मध्य प्रांतातील नागपूर, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांत पसरले होते. निर्यात वेगाने वाढत होती. परंतु हे धातुक जमिनीखाली किती खोल जाते आणि ते मुळात कशापासून बनले, याची स्पष्ट कल्पना खाणमालकांना नव्हती. या प्रश्नाचा तपास तरुण फर्मोर यांच्याकडे आला.

मँगॅनीज धातुके आणि गार्नेट

फर्मोर यांनी एकामागून एक खाणी पाहून नमुने गोळा केले. या कामाचे फलित म्हणजे सर्वेक्षण संस्थेच्या स्मृतिग्रंथमालेचा १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेला ३७ वा खंड होय. बाराशेहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथात खाणींची जिल्हावार वर्णने आहेत. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील मँगॅनीज पट्ट्याचा अभ्यास करणाऱ्यास आजही या ग्रंथापासूनच सुरुवात करावी लागते.

धातुकांच्या उत्पत्तीचा धागा त्यांना गार्नेटमध्ये सापडला. गार्नेट हे एकच खनिज नसून तो सिलिकेट खनिजांचा गट आहे. पायरोपमध्ये मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम, अल्मंडाइनमध्ये लोह व ॲल्युमिनियम, स्पेसर्टाइनमध्ये मँगॅनीज व ॲल्युमिनियम, तर अँड्राडाइटमध्ये कॅल्शियम व लोह असते. निसर्गात हे घटक शुद्ध रूपात क्वचितच आढळतात. ते परस्परांत कमीअधिक प्रमाणात मिसळलेले असतात. त्यामुळे केवळ रंगावरून गार्नेट ओळखणे धोक्याचे असते. शुद्ध स्पेसर्टाइनचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ४.१९, तर अँड्राडाइटचे ३.८६ असते, पण मिश्रणात हे आकडे सरकतात व एकट्या मोजमापातून निश्चित उत्तर मिळत नाही. म्हणून फर्मोर यांनी रासायनिक विश्लेषणातील ऑक्साइडांची आदर्श घटकांमध्ये वाटणी करून प्रत्येक नमुन्याचे घटन ठरविण्यावर भर दिला.

या पद्धतीने दोन प्रदेशांतील नमुन्यांमधला फरक स्पष्ट झाला. मध्य प्रांतातील खाणींमध्ये क्वॉर्ट्झ व स्पेसर्टाइन यांचा खडक आढळत होता. गोंड समाजावरून त्यांनी त्यास गोंडाइट हे नाव दिले. मँगॅनीजयुक्त गाळाचे रूपांतरण होऊन हा खडक बनला, हे त्यांचे मत पुढेही टिकले. विजयनगरम भागातील कोदूर येथील खडकात मात्र फेल्स्पार व ॲपेटाइटसोबत निराळे गार्नेट होते. ते स्पेसर्टाइन व अँड्राडाइट यांच्या दरम्यानचे असल्याने फर्मोर यांनी त्याला स्पँडाइट, तर खडकाला कोदुराइट म्हटले. कोदुराइट हा अग्निज खडक आहे, असे त्यांनी मांडले. हे मत मात्र वादग्रस्त ठरले. मूळच्या मँगॅनीजयुक्त रूपांतरित खडकांत अग्निज द्रव्य मिसळून तो बनला असावा, असे नंतरच्या अनेक संशोधकांनी दाखविले.

या खाणींमधून त्यांनी अनेक नवी खनिजे वर्णिली. झाबुआ भागातील काजलीडोंगरी येथील हॉलंडाइट हे त्यांतील सर्वांत टिकाऊ नाव होय. सर्वच नावे टिकली नाहीत. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापारवरून ठेवलेले सीतापाराइट हे बिक्सबाइटच असल्याचे, तर नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरी येथील व्रेडेनबर्गाइट हे दोन खनिजांचे मिश्रण असल्याचे पुढे निष्पन्न झाले. सीतापार येथीलच एका खनिजाला १९१० मध्ये फर्मोर यांच्या सन्मानार्थ फर्मोराइट हे नाव देण्यात आले.

भूगर्भाचा दाबमापक

१९१३ मध्ये फर्मोर यांनी गार्नेटला भूवैज्ञानिक दाबमापक मानणारी कल्पना मांडली. गॅब्रो आणि एक्लोजाइट या खडकांचे रासायनिक घटन जवळजवळ सारखे असते. पण गार्नेटयुक्त एक्लोजाइटची घनता सुमारे ३.४, तर गॅब्रोची ३.० च्या आसपास असते. प्रचंड दाबाखाली तेच द्रव्य कमी जागेत मावणाऱ्या गार्नेटच्या रूपात स्फटिकीभूत होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पृथ्वीच्या कवचाखाली गार्नेटसमृद्ध खडकांचा थर असावा आणि दाब कमी झाल्यास तेथील गार्नेट वितळून आकारमान वाढत असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्वालामुखी व भूकंप यांच्याशीही त्यांनी त्याचा संबंध जोडला. हा सिद्धांत जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. परंतु गॅब्रोचे एक्लोजाइटमध्ये होणारे रूपांतर हा विषय पुढे उच्चदाब प्रयोगांच्या केंद्रस्थानी आला.

गार्नेटांच्या विश्लेषणात काही ऑक्साइड ज्ञात घटकांत बसत नसत. त्यांच्यासाठी फर्मोर यांनी स्कियागाइट, ब्लिथाइट असे काल्पनिक घटक सुचविले आणि काल्डेराइट हे जुने नाव मँगॅनीज व फेरिक लोह यांच्या घटकासाठी वापरले. उत्तर प्रदेशातील खोहर येथे १९१० मध्ये पडलेल्या उल्केवरून त्यांनी खोहाराइट हे नावही योजले. कागदावर मांडलेले काल्डेराइट पुढे नामिबियात प्रत्यक्ष सापडले आणि स्कियागाइट प्रयोगशाळेत उच्च दाबाखाली तयार करण्यात आले. या विषयावरील त्यांची व्याख्याने १९३८ मध्ये कोलकाता येथील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेने ग्रंथरूपात प्रसिद्ध केली.

इतर कार्य

दख्खनच्या बेसाल्टांचाही त्यांनी अभ्यास केला. कोळशाच्या शोधार्थ भुसावळ येथे घेतलेल्या खोल वेधनातून मिळालेल्या खडकांवरून त्यांनी लाव्हाचे २९ थर वेगळे ओळखले. १९३३ मध्ये ते भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्ष होते. १९३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९३५ मध्ये सर हा किताब त्यांना मिळाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या व आज भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. निवृत्तीनंतर त्यांनी मलायातील खाण उद्योगावर अहवाल लिहिला. प्रवासवर्णनकार पॅट्रिक ली फर्मोर हे त्यांचे पुत्र होत.