न्या. बदरुद्दीन तय्यबजी
१८६० साली पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा मुंबईहून विलायतेला शिकण्यास निघाला. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. थोरले बंधू कमरुद्दीन तेथेच सॉलिसिटर झालेले, एवढाच धीर. बदरुद्दीन १८६३ मध्ये लंडनची मॅट्रिक झाले, मिडल टेंपलमध्ये कायदा शिकू लागले. पण डोळे अधू झाले, प्रकृती ढासळली. १८६४ अखेर अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. वर्षभराने ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. पुढे अंजुमन-ए-इस्लामचे (१८७४) एक संस्थापक, १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष, १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती. पालकहो, परदेशातून मूल आजारी होऊन परतले तर त्याला हरलेला समजू नका. बरे करा, पुन्हा पाठवा.