नॅट होलमन : सिटी कॉलेजचे प्रशिक्षक

आपल्या वर्गातली मुले बास्केटबॉल खेळतात. त्यांच्या आजी-आजोबांना मात्र खो-खो आणि क्रिकेट यांपलीकडे फारसे ठाऊक नसते. दोघांनी मिळून वाचावे म्हणून या वेळी एका यहुदी प्रशिक्षकाचे चरित्र घेतले आहे. त्यात मोठे यश आहे आणि मोठी नाचक्कीही आहे. नाचक्की गाळून चरित्र सांगणे मला पटत नाही.

नॅट होलमन यांचा जन्म १८९६ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात झाला. आईवडील रशियातून आलेले, घरात दहा भावंडे. ज्यांचे बालपण डोंगरी-उमरखाडीच्या चाळींत गेले त्यांना ही वस्ती डोळ्यांपुढे आणणे कठीण जाऊ नये. अपुऱ्या खोल्या, भरलेले जिने, आणि खेळायला रस्ता. बास्केटबॉल तेव्हा अगदी नवा खेळ होता. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने तो शोधून काढला. त्याला मोठे मैदान लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही. म्हणून गरीब यहुदी वस्त्यांत तो झपाट्याने पसरला.

नॅट या खेळात इतके तरबेज झाले की पुढे ओरिजिनल सेल्टिक्स या नामांकित व्यावसायिक संघात त्यांना जागा मिळाली. (आजचा बॉस्टन सेल्टिक्स तो वेगळा, मुलांनो.) हा संघ इतका भारी होता की १९२८ साली लीगने तो मोडून खेळाडू इतर संघांत वाटून टाकले. सेल्टिक्सचे पाचही जण सतत हलत राहत आणि चेंडू हातात फार वेळ धरत नसत. नॅट यांनी पुढे आयुष्यभर हेच शिकवले.

१९१९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे बास्केटबॉल प्रशिक्षक झाले. पुढची कित्येक वर्षे ते कॉलेजात शिकवत आणि बाहेर पैसे घेऊन खेळतही. सिटी कॉलेजात फी नव्हती, पण प्रवेशाला गुण चांगले लागत. शिंप्यांची, फेरीवाल्यांची, कारखान्यात राबणाऱ्यांची मुले तिथे शिकत. इतर कॉलेजे लांबलांबचे उंच खेळाडू शिष्यवृत्ती देऊन आणत, तर होलमन यांना शहरातली मुलेच घ्यावी लागत. उंची नसेल तर वेगाने पास द्यायचा, पास दिला की उभे न राहता मोकळ्या जागेत धावायचे, आणि जो मोकळा असेल त्याने चेंडू टाकायचा. गुण कोणाच्या नावावर लागले हे गौण. ऐकायला सोपे वाटते, पण चेंडू आवडत नाही असा एक तरी मुलगा कधी पाहिला आहे का?

१९४९-५० च्या संघाकडून कोणाला फार आशा नव्हती. सुरुवातीला उतरणाऱ्या पाचांपैकी तिघे यहुदी, दोघे कृष्णवर्णी. अमेरिकेत अनेक ठिकाणी गोऱ्यांना आणि काळ्यांना एका बाकावर बसू देत नसत, तो हा काळ. मार्चमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये या मुलांनी केंटकी विद्यापीठाच्या संघाला ८९-५० असे लोळवले. केंटकी तेव्हा सलग दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता आणि त्यात एकही काळा खेळाडू नव्हता. मग सिटीने ब्रॅडली विद्यापीठाला हरवून एनआयटी स्पर्धा जिंकली. दहाच दिवसांनी, २८ मार्चला, त्याच ब्रॅडलीला ७१-६८ असे हरवून एनसीएए स्पर्धाही जिंकली. शेवटच्या क्षणी कर्णधार अर्विन डॅम्ब्रॉट याने प्रतिस्पर्ध्याचा चेंडू अडवला आणि पुढे धावणाऱ्या नॉर्म मेगरकडे फेकला. एकाच वर्षी या दोन्ही स्पर्धा दुसऱ्या कोणत्याही कॉलेजाने जिंकलेल्या नाहीत.

फेब्रुवारी १९५१ मध्ये फिलाडेल्फियाहून सामना खेळून परतताना संघातल्या तिघांना पोलिसांनी पेन स्टेशनवर पकडले. पुढच्या आठवड्यांत आणखी काही जण पकडले गेले. जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन त्यांनी काही सामन्यांत मुद्दाम कमी गुण केले होते. ही युक्ती समजून घ्या. हरलेच पाहिजे असे नसे, ठरलेल्या फरकापेक्षा कमी फरकाने जिंकले तरी जुगाऱ्याचे काम होई. त्यामुळे मुलांना वाटे, आपण संघाचे काही बिघडवत नाही. २००० साली क्रिकेटमध्ये उघड झालेली फिक्सिंगची प्रकरणे ज्यांना आठवतात त्यांना यात नवल वाटणार नाही. एकूण सात कॉलेजांचे बत्तीस खेळाडू सापडले, त्यांत केंटकी आणि ब्रॅडलीचेही होते. सिटीच्या एका मुलाला तुरुंगात जावे लागले. व्यावसायिक बास्केटबॉलची दारे या मुलांना कायमची बंद झाली.

चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. काही खेळाडूंच्या शाळेच्या गुणपत्रिकांत फेरफार करून त्यांना प्रवेश दिला गेला होता. शिक्षक म्हणून मला हे पैशांपेक्षाही अधिक लागते. ज्या कॉलेजात गरिबाच्या मुलाला केवळ गुणांच्या जोरावर प्रवेश मिळत असे, तिथेच हे घडावे!

होलमन यांनी आपल्याला काहीच ठाऊक नव्हते असे सांगितले. १९५२ साली त्यांना निलंबित करण्यात आले. ते दोन वर्षे लढले आणि १९५४ साली पुन्हा कामावर आले. कायद्याने ते निर्दोष ठरले. माझे मत विचाराल तर त्यांनी पैशाला हात लावला नाही हे खरेच, पण प्रश्न तेवढ्यावर सुटत नाही. खेळाडूचा पाय इंचभर चुकीचा पडला तर त्यांना दिसे, आणि विशीतल्या पोरांच्या खिशात अचानक पैसा आला तो दिसला नाही. ते नीटनेटके, रुबाबदार आणि काहीसे अलिप्त होते असे सांगतात. मुले मन मोकळे करायला सहायक प्रशिक्षक बॉबी सँड यांच्याकडे जात. त्यांना इतक्या लवकर दोषी धरणे अन्यायाचे होईल असे आपल्यातले काही वडीलधारे म्हणतील. वर्गात यावर वाद व्हावा, माझी हरकत नाही.

१९६० पर्यंत ते सिटी कॉलेजातच शिकवत राहिले, पण संघ पूर्वीच्या जागी कधी आला नाही. त्यांचे दुसरे काम इस्रायलात होते. देश स्थापन होऊन वर्षच झाले होते तेव्हा, १९४९ साली, ते तिथे बास्केटबॉल शिकवायला गेले. पुढे मक्काबिया स्पर्धांसाठी अमेरिकेतून खेळाडू पाठवणाऱ्या समितीचे ते अध्यक्षही झाले. विंगेट संस्थेत प्रशिक्षक तयार करणाऱ्या शाळेला त्यांचे नाव आहे. १९९५ साली, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, ते न्यूयॉर्कमध्ये वारले.

पकडल्या गेलेल्या त्या मुलांपैकी फ्लॉइड लेन हा पुढे ब्रॉंक्समधल्या पोरांना खेळ शिकवू लागला. १९७४ साली सिटी कॉलेजाने त्याला बोलावून घेतले आणि होलमन यांच्या जुन्या जागेवर बास्केटबॉलचा मुख्य प्रशिक्षक नेमले.