मराठी रंगभूमीचे जनक लाकडाच्या बाहुल्याही घडवायचे

५ नोव्हेंबर आला की मराठी रंगभूमी दिनाच्या पोस्ट फिरू लागतात आणि त्यात विष्णुदास भावेंचं नाव येतंच. पण मराठी नाटकाची सुरुवात करणारा हा माणूस कळसूत्री बाहुल्यांचा कारागीरही होता, हे फार कमी जणांना माहीत असतं.

विष्णु अमृत भावे सांगलीचे. कळसूत्री बाहुली म्हणजे दोऱ्यांवर नाचणारी बाहुली. लाकडाचे अवयव वेगवेगळे घडवायचे, सांध्यात जोडायचे आणि दोरी ओढली की ते हलले पाहिजेत. सांधा घट्ट झाला तर हात उचलत नाही, सैल झाला तर नुसता लोंबतो. हे काम भावेंना जमायचं.

१८४२ मध्ये कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. संस्थानचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांनी तो खेळ पाहिला आणि मराठीत असं काहीतरी करायचं काम भावेंवर सोपवलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं.

या नाटकाची रीत मजेशीर होती. पदं सगळी सूत्रधार म्हणायचा. पात्रं त्यानुसार अभिनय करायची आणि भाषणं आयत्या वेळी बोलायची. म्हणजे माणसं रंगमंचावर आली, तरी सूत्र एकाच्याच हातात होतं.

१८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि राजाश्रय संपला. नाटकात काम करणं तेव्हा हलकं समजलं जायचं, त्यात मंडळींचं पोट चालवायचं होतं. भावे कंपनी घेऊन गावोगाव फिरले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. राजाच्या मर्जीवर जगणारं नाटक आता प्रेक्षकांच्या पैशावर उभं राहिलं.

पुढे त्यांनी नाटक मंडळी सोडली. १८८५ मध्ये त्यांची पदं ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापली गेली. ९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचं निधन झालं.

पात्रांची ती भाषणं लिहिलेलीच नव्हती, त्यामुळे ती हवेत विरली. बाहुल्या मात्र टिकल्या. शंभराहून जास्त वर्षांनी रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या.

आज सांगलीतून विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. ते मिळणं म्हणजे नटाच्या आयुष्यातला मोठा मान. त्यावरचं नाव मात्र अशा माणसाचं आहे, ज्याने माणसांना उभं केलं तसं लाकडालाही.